सोपो घेणाराच दुकान मांडतो तेव्हा...

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी जागा धरून बसणाऱ्या विक्रेत्याला सोपो द्यावा लागतो. तो किती असावा, ठेका कोणाला द्यावा, पावती मिळते की नाही, यावरून गोव्यातल्या पालिकांत वाद होतच असतात. तरीही या व्यवस्थेतली एक गोष्ट आजवर कोणी वादाची केली नाही. सोपो घेणारी पालिका स्वतः मिरची, कांदे किंवा मातीची भांडी घेऊन विक्रेत्यांच्या शेजारी बसत नाही. जागा तिची, शिस्त तिची, माल मात्र इतरांचा. बाजाराची मालकी आणि बाजारातला धंदा यांच्यामधली ही भिंत इतकी जुनी आहे की ती आहे, याचाच विसर पडतो.

ऑनलाइन बाजारपेठेत ही भिंत कधी उभारलीच गेली नाही. तेथे जागेचा मालक विक्रेत्याकडून दलाली घेतो, गोदामाचे भाडे घेतो, माल पोहोचवण्याचा खर्च लावतो आणि तो माल पहिल्या पानावर दिसावा म्हणून जाहिरातीचेही पैसे घेतो. कोणत्या पिनकोडवर काय खपते, कितीला खपते आणि किती परत येते, याचा हिशेब सगळ्या विक्रेत्यांचा मिळून त्याच्या एकट्याच्या हाती असतो. तोच मालक मग स्वतःच्या ब्रँडचा, किंवा आपल्याशी नाते असलेल्या कंपनीचा माल त्याच पानावर मांडतो. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्याविरुद्ध भारतातल्या व्यापारी संघटना गेली काही वर्षे लढत आहेत, त्या लढाईचे मूळ येथे आहे. दिवाळीआधीचे महासेल, निम्म्या किमतीतले मोबाइल आणि त्यावरून होणारी निदर्शने हा त्याचा फक्त वर दिसणारा भाग होय.

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. बाजाराला त्याच्या वाटेने जाऊ द्या, आजचा मोठा उद्या कोणीतरी पाडेल, हे पहिले. सरकारने लगाम घातल्याखेरीज लहान दुकानदार वाचणार नाही, हे दुसरे. भारतात ही चर्चा बहुधा अशी चालते की जणू येथे आजवर नियमन झालेलेच नाही. वस्तुस्थिती उलट आहे. गेल्या दहा वर्षांत ऑनलाइन किरकोळ विक्रीवर भारताइतके तपशीलवार निर्बंध घालणारे देश थोडे असतील. अडचण निर्बंधांच्या संख्येची नाही. ते निर्बंध कशावर घातले गेले, ही आहे.

मार्च २०१६ मध्ये केंद्राने थेट परकीय गुंतवणुकीचा नियम स्पष्ट केला. परदेशी भांडवलावरच्या कंपनीने केवळ बाजारपेठ चालवावी, म्हणजे खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून द्यावी. स्वतः माल साठवून तो थेट ग्राहकाला विकू नये. एकाच विक्रेत्याकडून एकूण विक्रीच्या २५ टक्क्यांहून अधिक विक्री होऊ नये आणि बाजारपेठेने किमतीवर प्रभाव टाकू नये, अशाही अटी होत्या. कागदावर ही सोपोचीच व्यवस्था होती. प्रत्यक्षात काय घडले, ते क्लाउडटेलच्या कहाणीवरून कळते. ॲमेझॉन आणि नारायण मूर्ती यांची कॅटामरान यांच्या भागीदारीतली ही कंपनी ॲमेझॉनच्या भारतीय संकेतस्थळावरची सर्वांत मोठी विक्रेती होती. दुसरी मोठी विक्रेती ॲपारियो, तिच्यातही ॲमेझॉनचा अप्रत्यक्ष वाटा होता. कायद्याच्या भाषेत हे दोघे स्वतंत्र विक्रेते. व्यापाऱ्यांच्या भाषेत घरचेच.

डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने ही फट बुजवली. बाजारपेठेचा ज्या कंपनीत भागभांडवली वाटा आहे, तिला त्या बाजारपेठेवर विक्री करता येणार नाही, असा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. एखादा विक्रेता आपल्या खरेदीपैकी २५ टक्क्यांहून अधिक माल बाजारपेठेच्या समूह कंपनीकडून घेत असेल, तर तो साठा बाजारपेठेच्याच ताब्यातला मानला जाईल, असेही ठरले. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांत क्लाउडटेलचा माल संकेतस्थळावरून दिसेनासा झाला. थोड्याच दिवसांत ॲमेझॉनने मूळ कंपनीतला आपला वाटा ४९ वरून २४ टक्क्यांवर आणला आणि माल परत आला. ही भागीदारी मे २०२२ मध्ये संपली, पण तीही नियमाने थेट संपवली असे नव्हे. दोन्ही पक्षांनी ऑगस्ट २०२१ मध्ये मुदतवाढ न देण्याचे ठरवले होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने ॲमेझॉनच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे दिलेले वृत्त या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा देते. संकेतस्थळावर चार लाखांहून अधिक विक्रेते असताना २०१९ च्या सुरुवातीला सुमारे ३५ विक्रेत्यांकडूनच दोन-तृतीयांशाच्या आसपास विक्री होत होती. त्यातही जवळजवळ ३५ टक्के विक्री त्या दोन 'घरच्या' विक्रेत्यांची. आपण कायद्याचे पालन करतो, असे कंपनीचे म्हणणे आहे. हा दावा अक्षरशः खरा असू शकतो, आणि प्रश्न तेथेच आहे. नियमाने भागभांडवलाचे टक्के मोजले. बाजारात काय चालते, ते मोजले नाही.

याची दुसरी बाजू अधिक विचित्र आहे. हे निर्बंध परदेशी भांडवलाला लागू, देशी भांडवलाला नाहीत. रिलायन्सने स्वतःची बाजारपेठ चालवून तेथे स्वतःच्या ब्रँडचा, स्वतःच्या गोदामातला माल विकला तर या नियमांची आडकाठी नाही. मडगावच्या किंवा बेळगावच्या दुकानदाराला आपले गिऱ्हाईक कोणत्या देशाच्या पैशाने पळवले याने काही फरक पडत नाही. ते पळाले, एवढेच त्याला दिसते. मे २०२५ मध्ये ब्लिंकिटची मालक कंपनी इटर्नल, म्हणजे पूर्वीची झोमॅटो, हिच्या भागधारकांनी परदेशी मालकीवर ४९.५ टक्क्यांची मर्यादा घालण्यास मंजुरी दिली. कंपनी भारतीय मालकीची ठरली की ब्लिंकिटला स्वतः माल साठवता येतो, हा त्यामागचा उघड हेतू होता. गोदाम तेच, माल तोच, दहा मिनिटांत दारात येणारा पोरगाही तोच. भागधारकांच्या यादीतली टक्केवारी बदलली आणि कालचे निषिद्ध आज विहित झाले. व्यवहाराला हात न लावता मालकीचे नियमन केले की असे होते.

मग स्पर्धा कायद्याने काय केले? दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने १३ जानेवारी २०२० रोजी ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. मोबाइलचे नवे नमुने फक्त एकाच संकेतस्थळावर येणे, काही निवडक विक्रेत्यांना झुकते माप, खोल सवलती आणि शोधयादीत पसंतीच्या विक्रेत्यांना वरचे स्थान, असे चार आरोप होते. हा आदेश बारकाईने वाचला तर आयोगाने कोणत्या कलमाचा आधार घेतला, हे लक्षात येते. स्पर्धा कायद्याचे कलम ४ हे प्रभुत्वाच्या गैरवापराबद्दलचे आहे. ते येथे वापरलेच गेले नाही. आधार घेतला गेला तो कलम ३ चा, म्हणजे स्पर्धेला मारक करारांचा.

त्याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. भारतीय कायद्यात प्रभुत्व एका कंपनीचे किंवा एका समूहाचे असावे लागते. दोन मोठे प्रतिस्पर्धी मिळून बाजार व्यापून बसले असतील, तर त्यांपैकी एकही एकट्याने 'प्रभुत्वशाली' ठरत नाही, कारण दुसरा आहेच. युरोपीय कायद्याला सामूहिक प्रभुत्वाची कल्पना ठाऊक आहे. भारतातही ती आणण्याचा प्रयत्न २०१२ च्या दुरुस्ती विधेयकाने केला होता, पण ते लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले आणि २०२३ च्या मोठ्या दुरुस्तीतही ती कल्पना आली नाही. दोन सावकारांच्या गावात कोणाही एकाला सावकारीचा मक्तेदार म्हणता येत नाही. गावकऱ्यांना त्याचा दिलासा किती, हा प्रश्न वेगळा.

आदेशानंतर महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने चौकशीला स्थगिती दिली. जून २०२१ मध्ये एकल पीठाने कंपन्यांच्या याचिका फेटाळल्या, जुलैमध्ये खंडपीठाने अपिले फेटाळली आणि ९ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. मोठ्या संस्थांनी अशा चौकशीला स्वतःहून सामोरे जावे, अशा आशयाची टिप्पणीही तेव्हा झाली. म्हणजे दीड वर्ष केवळ चौकशी सुरू करावी की नाही यात गेले. आयोगाच्या महासंचालकांचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये तयार झाला. ॲमेझॉनवरचा अहवाल १,०२७ पानांचा, फ्लिपकार्टवरचा १,६९६ पानांचा, आणि दोन्ही कंपन्यांनी कायद्याचा भंग केल्याचा त्यांचा निष्कर्ष असल्याचे वृत्त आले. त्यानंतर या संकेतस्थळांवरच्या विक्रेत्यांनी ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत आव्हाने दिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी एकत्र करून पुन्हा कर्नाटक उच्च न्यायालयाकडे पाठवली. चौकशीचा आदेश निघून तोवर पाच वर्षे झाली होती. ज्या मोबाइल दुकानदारांसाठी हा खटाटोप सुरू झाला, त्यांच्यातल्या अनेकांनी मधल्या काळात दुरुस्ती, रिचार्ज आणि कव्हरविक्रीवर दुकान चालवायला सुरुवात केली. पाच वर्षांत मोबाइलच्या पाच पिढ्या येऊन जातात.

व्यापाऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार मात्र खर्चाखालच्या किमतीची आहे, आणि येथे भूमिका घेणे सोपे नाही. वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या अब्जावधी डॉलरांच्या गुंतवणुकीवर जाहीर टीका केली. ही रक्कम तोटा भरून काढण्यासाठी येते आणि एवढा तोटा हा प्रतिस्पर्ध्यांना संपवणाऱ्या किमतींचाच वास देतो, असा तिचा रोख होता. तर्क बिनतोड वाटतो. पण कायद्यात घातक किंमत हा गुन्हा प्रभुत्वशाली कंपनीलाच लागू होतो. २०१७ मध्ये रिलायन्स जिओच्या फुकट सेवेविरुद्धची भारती एअरटेलची तक्रार स्पर्धा आयोगाने फेटाळली, ती जिओ त्या वेळी प्रभुत्वशाली नव्हती याच कारणाने. तोटा सोसून किंमत पाडण्याची गरज बाजार काबीज करण्याआधी असते, आणि कायदा जागा होतो तो काबीज केल्यानंतर. सप्टेंबर २०१९ मध्ये उबरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कोंडीला थोडी वाट करून दिली. प्रत्येक फेरीमागे २०४ रुपये तोटा सोसण्यामागे स्पर्धक हटवण्याखेरीज दुसरे आर्थिक कारण सकृद्दर्शनी दिसत नाही, असे म्हणून न्यायालयाने चौकशीचा मार्ग मोकळा ठेवला.

अशा किमतींचे पुढे काय होते, याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण अमेरिकेत आहे. बाळांचे लंगोट ऑनलाइन विकणाऱ्या डायपर्स डॉट कॉमच्या वाढीने ॲमेझॉन अस्वस्थ झाली आणि तिने आपले दर सपाट्याने उतरवले. एका महिन्यात या एका वस्तूवर २० कोटी डॉलरांहून अधिक तोटा सोसण्याची तिची तयारी होती, असे अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीच्या २०२० च्या अहवालात नोंदवले आहे. २०१० मध्ये ती कंपनी ॲमेझॉनने विकत घेतली आणि २०१७ मध्ये बंद करून टाकली. लीना खान यांनी येल विद्यापीठाच्या कायदा नियतकालिकात २०१७ साली लिहिलेल्या निबंधात याच तऱ्हेच्या व्यवहारावर बोट ठेवले होते. ग्राहकाला आज स्वस्त मिळते म्हणून सर्व ठीक आहे, हे मानणारा स्पर्धा कायदा अशा कंपनीपुढे आंधळा होतो, हा त्यांचा मुद्दा. पुढे त्याच अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या अध्यक्ष झाल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आयोगाने १७ राज्यांसह ॲमेझॉनवर दावा लावला. त्या दाव्यात लंगोटांपेक्षा वेगळ्या गोष्टीवर भर आहे. दुसरीकडे स्वस्त विकणाऱ्या विक्रेत्याला ॲमेझॉन शोधयादीत खाली ढकलते, त्यामुळे तो कोठेही किंमत उतरवू धजत नाही, आणि सगळी शुल्के धरून विक्रेत्याच्या मिळकतीतला निम्म्याच्या आसपास वाटा तिच्याकडे जातो, असा आरोप आहे. तो सिद्ध व्हायचा आहे. पण आरोपाची दिशा महत्त्वाची. येथे तक्रार स्वस्ताईची नसून महागाईची आहे.

आता दुसऱ्या बाजूला न्याय द्यायला हवा, कारण ती बाजू केवळ धनिकांच्या वकिलांची नाही. ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या मराठी वाचकाला नवे मराठी पुस्तक मिळवण्यासाठी पूर्वी पुण्याला जाणाऱ्या नातेवाइकाची वाट पाहावी लागे. आज ते टपालाच्या वेगाने घरी येते. सत्तरी किंवा खानापूर तालुक्यातल्या ग्राहकाला शहरातला दर मिळतो, वस्तू परत करता येते, बिल मिळते. गल्लीतल्या दुकानदाराने छापील किमतीत एक रुपयाही न सोडणे, बिल मागितल्यावर कपाळाला आठ्या घालणे आणि विकलेला माल परत घेणार नाही असा फलक टांगणे, हेही आपल्या बाजारपेठेचेच चित्र होते. त्या चित्राच्या रक्षणासाठी ग्राहकाने अधिक पैसे मोजावेत, असे म्हणणे योग्य नव्हे. उधारीची वही आणि ओळखीचा माणूस या दुकानदाराच्या खऱ्या ठेवी आहेत. जेथे त्या अजून चालतात, तेथे तो टिकूनही आहे.

स्पर्धा आपोआप काम करते, याचेही पुरावे आहेत. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून दलाली घेणे बंद केले. एप्रिल २०२५ पासून ॲमेझॉननेही तीनशे रुपयांखालच्या सव्वा कोटीच्या आसपास वस्तूंवरची दलाली माफ केली. हे कोणत्याही नियमाने करायला लावले नव्हते. चीनमध्ये अलीबाबाने विक्रेत्यांना 'आमच्याकडे किंवा त्यांच्याकडे, दोन्हीकडे नाही' असे बजावल्याबद्दल एप्रिल २०२१ मध्ये १८ अब्ज युआनहून अधिक दंड झाला. त्या सक्तीतून सुटलेल्या विक्रेत्यांना घेऊन पिंडुओडुओसारखे प्रतिस्पर्धी वाढले. तेथे नियमनाने स्पर्धेची जागा घेतली नाही, तिच्या वाटेतला दगड उचलला. अर्थात चीनच्या राज्यव्यवस्थेत असा दगड कोणत्या दिवशी कोणाच्या वाटेत ठेवला जाईल, हे सांगता येत नाही, हेही विसरता कामा नये.

नियमनाची भारतीय आठवणही कडू आहे. १९६९ चा मक्तेदारी नियंत्रण कायदा मोठेपणालाच संशयित मानत असे. उत्पादन वाढवायचे तर परवानगी लागे. पुण्यात बनणाऱ्या स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणारी पिढी अजून हयात आहे. त्या कायद्याने मक्तेदारी रोखली नाही. टंचाई मात्र पोसली. १९९१ नंतर त्याचे दात काढले गेले आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याने त्याची जागा घेतली, ती 'मोठे असणे गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर गुन्हा' या तत्त्वावर. ते तत्त्व सोडण्याचे कारण नाही. फक्त गैरवापर सिद्ध व्हायला दहा वर्षे लागत असतील, तर काही गोष्टी आधीच निषिद्ध ठरवाव्यात का, हा खरा प्रश्न आहे.

युरोपीय संघाने त्याचे उत्तर होय असे दिले. डिजिटल बाजार कायद्याखाली सप्टेंबर २०२३ मध्ये ज्यांना 'द्वारपाल' घोषित केले त्यांत ॲमेझॉनची बाजारपेठ आहे, आणि मार्च २०२४ पासून विक्रेत्यांची खासगी आकडेवारी त्यांच्याशीच स्पर्धेसाठी वापरणे, स्वतःचा माल यादीत वर ठेवणे अशा गोष्टींना तेथे बंदी आहे. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच ॲमेझॉनने युरोपीय आयोगाला लेखी हमी देऊन पहिल्या 'खरेदी करा' चौकटीशेजारी दुसऱ्या विक्रेत्यासाठीही चौकट दाखवण्याचे मान्य केले होते. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने तर २०१३ मध्येच 'दुसरीकडे स्वस्त विकायचे नाही' ही अट मागे घ्यायला लावली.

भारतात संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने, जयंत सिन्हा अध्यक्ष असताना, डिसेंबर २०२२ मध्ये अशाच कायद्याची शिफारस केली. मार्च २०२४ मध्ये मसुदाही आला. भारतातली उलाढाल चार हजार कोटी रुपयांहून अधिक, किंवा एकूण विक्रीमूल्य सोळा हजार कोटींहून अधिक, आणि जोडीला किमान एक कोटी ग्राहक किंवा दहा हजार व्यावसायिक वापरकर्ते, अशा निकषांवर काही कंपन्यांना विशेष बंधने घालण्याचा त्यात प्रस्ताव आहे. महत्त्वाचे म्हणजे हे निकष मालकी कोणाची हे विचारत नाहीत. कदाचित त्यामुळेच त्याला पाठीराखे कमी आहेत. परदेशी कंपन्यांचा विरोध अपेक्षित होता, पण आपण वाढलो तर आपणही या जाळ्यात येऊ, ही धास्ती देशी नवउद्योगांतही आहे. २०२१ च्या जूनमध्ये ग्राहक संरक्षणाच्या ई-व्यापार नियमांत बदल सुचवून बाजारपेठेच्या संबंधित कंपन्यांना तेथे विक्रीबंदी करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हाही टाटा समूहाने चिंता व्यक्त केल्याच्या बातम्या होत्या. तो प्रस्ताव अंतिम झाला नाही. नव्या विधेयकाचा मसुदा येऊन वर्ष उलटल्यावरही ते संसदेत आले नव्हते. दरम्यान अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी कार्यालय भारताच्या ई-व्यापारातल्या परकीय गुंतवणूक नियमांची गणना आपल्या वार्षिक अहवालात व्यापारातल्या अडथळ्यांत करते. मालकीवर आधारलेला नियम व्यापारी वाटाघाटीत सौद्याची वस्तू होतो, ही त्याची आणखी एक दुर्बलता. वर्तनाचा नियम सर्वांना सारखा असेल तर त्यावर भेदभावाचा आरोप टिकत नाही.

त्या मसुद्यातही सर्व काही घेण्याजोगे नाही. सवलतींवर सरसकट बंदी किंवा महासेलवर निर्बंध, अशा २०२१ च्या धाटणीच्या कल्पना त्यात पुन्हा घुसू नयेत. ग्राहकाच्या खिशातले पैसे वाचवणाऱ्या गोष्टीशी सरकारने जपून वागावे. याउलट विक्रेत्याची आकडेवारी त्याच्याचविरुद्ध न वापरणे, पैसे घेऊन वर आणलेला माल जाहिरात म्हणून स्पष्ट दाखवणे, विक्रेत्याला दुसरीकडे हव्या त्या दराने विकू देणे, आणि त्याचे खाते बंद करण्याआधी कारण लेखी कळवणे, यांपैकी एकही गोष्ट ग्राहकाला महाग पडत नाही. २०२० च्या ई-व्यापार नियमांत शोधयादीचे निकष आणि विक्रेत्यांमधला भेद जाहीर करण्याची तरतूद आधीच आहे. संकेतस्थळांवरच्या अटींच्या लांबलचक पानांत ती नावापुरती पाळली जाते आणि कोणी विचारत नाही.

लहान राज्यांच्या दृष्टीने तर सर्वांत जाचक नियम ॲमेझॉनने केलेला नाहीच. १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत ऑनलाइन माल विकणाऱ्या प्रत्येकाला, उलाढाल कितीही लहान असली तरी, वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची होती. दुकानात विकणाऱ्याला मात्र ठरावीक उलाढालीपर्यंत सूट. मग ऑनलाइन विक्रेत्यालाही ती सूट मिळाली, पण केवळ राज्यातल्या राज्यात विकण्यापुरती. उत्तर प्रदेशातल्या विक्रेत्याला ही अट जाणवणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या राज्याची लोकसंख्याच सुमारे २० कोटी आहे. गोव्याची १४ लाख ५८ हजार. बार्देश तालुक्यात घरी कोकमाचे आगळ आणि भाजलेले काजू तयार करणाऱ्या महिलेला नोंदणीविना काणकोणला माल पाठवता येतो. त्याहून जवळ असलेल्या सावंतवाडीला, किंवा चोर्ला घाट ओलांडून बेळगावला मात्र पाठवता येत नाही. हस्तकलेच्या काही वस्तूंना अपवाद आहे, खाद्यपदार्थांना नाही. नोंदणी केली की दरमहा वा तिमाही विवरणपत्रे, हिशेबनिसाची फी आणि चुकले तर विलंबशुल्क. ज्या देशव्यापी बाजारपेठेचे आश्वासन ऑनलाइन व्यापाराने दिले, तिचे दार तिच्यासाठी पत्रादेवीच्या नाक्यावरच बंद होते. त्या माणसांचा माल मग कोण विकतो? ज्याच्याकडे अनेक राज्यांतली नोंदणी, गोदामे आणि हिशेबनीस आहेत असा एखादा मोठा पुरवठादार तो घाऊक दरात उचलतो आणि त्याच संकेतस्थळावर आपल्या नावाने विकतो. रॉयटर्सच्या वृत्तातले ते ३५ विक्रेते आणि उरलेले चार लाख यांच्यातले अंतर वाढवण्यात सरकारच्या करव्यवस्थेचाही हात आहे, हे व्यापारी संघटनांच्या निवेदनांत क्वचितच आढळते, कारण त्यांचे बहुतेक सदस्य आधीच नोंदणीकृत आहेत.

सरकारी पुढाकाराने जाळी उभारून या कोंडीतून सुटण्याचा प्रयत्नही झाला. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनी म्हणून नोंदलेल्या ओएनडीसीची कल्पना अशी होती की कोणत्याही ॲपवरच्या ग्राहकाला कोणत्याही ॲपवरचा विक्रेता दिसावा. बाजाराची जागाच सार्वजनिक करावी. पालिकेच्या मैदानासारखी. कल्पना चांगली होती. पण म्हापशाच्या मैदानावर माणसे येतात ती मैदान पालिकेचे आहे म्हणून नव्हे. तेथे माल असतो, भाव जमतो आणि फसगत झाली तर पुढच्या शुक्रवारी तोच विक्रेता त्याच जागी सापडतो म्हणून येतात. माल वेळेवर पोहोचवण्याची आणि तक्रार निवारण्याची जबाबदारी अनेकांत वाटली गेली की ती कोणाचीच राहत नाही, ही ओएनडीसीची सुरुवातीपासूनची दुखरी नस आहे.

झटपट पोहोच देणाऱ्या ॲपविरुद्ध वितरकांची अखिल भारतीय संघटना ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाकडे गेली. वर्षभरात दोन लाख किराणा दुकाने बंद पडल्याचा तिचा दावा आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे, कारण बंद पडणाऱ्या दुकानांची मोजदाद करणारी विश्वसनीय व्यवस्था देशात नाही. पण या तक्रारीतले प्रतिवादी जुने नाहीत. इंदूर, वडोदरा, हैदराबाद आणि आता पणजी-मडगावातही दुचाक्यांवरून फिरणाऱ्या या कंपन्यांनी ॲमेझॉन-फ्लिपकार्टच्याच पोटात भीतीचा गोळा आणला आहे. बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी हे हातातले कोलीत आहे. मात्र खर्चाखालची किंमत, ठरलेले मोजके पुरवठादार आणि गोदाम कोणाच्या मालकीचे हा वाद, असे तक्रारीतले मुद्दे वाचले तर २०२० च्या आदेशाची पाने पुन्हा उलटल्यासारखी वाटतात. त्या जुन्या प्रकरणाचा निकाल आधी लागला असता, तर नव्या कंपन्यांना काय चालते आणि काय चालत नाही, हे दुकान मांडण्यापूर्वीच कळले असते.